माझ्या पोटातल्या तीन पिशव्या

ज्या हंगामात आमच्या शेतावर सर्वाधिक पाखरे मारली गेली, त्याच हंगामात गोठ्यातल्या गाई भरल्या गव्हाणीपुढे खंगत गेल्या.

मित्रांनो, मी एक जुनी गाय आहे. माझ्या डाव्या कुशीला हात आत जाईल एवढे छिद्र असून त्यावर रबरी झाकण आहे. गुरांच्या डॉक्टर असलेल्या ताईंनी ते शस्त्रक्रियेने बसवले. चारा पोटात कितपत विरघळतो, हे त्या तिथून तपासतात. पाहुणे मला पाहून तोंड फिरवतात. मी रवंथ करते. माझे कुठे अडत नाही.

शेत ताईंचे थोरले भाऊ पाहत. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. चाऱ्याच्या ज्वारीत चीक भरू लागला आणि पाखरांचे थवे उतरले. कणसांची चाळण झाली. ताईंनी लगेच कापणी करायला सांगितले. दादांनी नकार दिला. पीक कापले तर पाखरे दुसऱ्या रानात निसटतील. उभे राहिले तरच बंदुकीच्या टप्प्यात येतील, असे त्यांचे म्हणणे. ताईंनी काही पेंढ्या तेवढ्या कापून वाळवून ठेवल्या आणि शेताच्या एका कोपऱ्यावर जाळी टाकली.

मग बार सुटू लागले. छरे लागलेली पाखरे कणसांसकट खाली येत. अर्धमेली एका पंखावर गरगर फिरत. दादा त्यांना टाचेखाली चिरडत. गोठ्याच्या पत्र्यावर छरे तडतडत आणि आम्ही दावी ताणून एकमेकींना शिंगे मारत असू. अशाच झटापटीत एका गाभण गाईची कूस फाटली. थवे विरळ होईपर्यंत ज्वारी उभीच राहिली. ती कापली तेव्हा ताटे कोयत्याला दाद देत नव्हती.

तो चारा आम्ही पोटभर खाल्ला आणि वाळत गेलो. माझ्यासोबत वाढलेली शेजारीण पोट फुगून, पाय झाडत मेली. ताईंनी तिथेच तिचे पोट चिरले. दादांनी रक्तात हात घालून काड्यांचा घट्ट गोळा बाहेर ओढला.

"बघ, दाणा पाखरांनी खाल्ला, आणि आमच्या वाट्याला हे," ते म्हणाले. उरलेल्या आम्हांला कसायाला द्यायचे आणि उरलेल्या पाखरांना विष घालायचे, असे त्यांनी ठरवून टाकले.

"दोन दिवस थांब, दादा. गाई कुठे पळून जात नाहीत."

ताईंनी माझे झाकण उघडून पोटात सारख्या वजनाच्या तीन जाळीदार पिशव्या सोडल्या. एकीत पाखरांनी टोचलेली पण वेळेवर कापलेली ज्वारी, दुसरीत टोचलेली आणि उशिरा कापलेली, तिसरीत जाळीखालची, चोचही न लागलेली, पण उशिराचीच. दोन दिवसांनी त्या काढून, धुऊन, वाळवून त्यांनी दादांच्या हातात दिल्या. पहिली जवळजवळ रिकामी होती. दुसरी भरलेली. तिसरी तिच्याहून जराशीच हलकी.

दादांनी तिसरी पुन्हा तोलून पाहिली. "जाळीतली पण?"

"जाळीतली पण. दाणा पाखरांनी नेला, दादा. काडीचं लाकूड कोणी केलं?"

दादांनी कसायाची गाडी फाटकातूनच परत पाठवली. मित्रांनो, मुक्या जिवाचा दोष ठरवण्याआधी त्याच्या पोटात काय गेले, ते तपासा.

पाखरांनी उत्पन्न घटवले, हे खरे. गाई मात्र खंगल्या त्या चाऱ्याच्या वयामुळे. पाखरे मारता यावीत म्हणून पीक आमिषासारखे उभे ठेवले गेले, त्या काळात ताटे निबर झाली, आणि निबर ताट गाईच्या पोटात विरघळत नाही.