पिवळा संपला

“पिवळा संपलाय, सर,” पद्माकरराव म्हणाले आणि चोवीस वर्षांच्या नोकरीतलं पहिलंवहिलं खोटं बोलून मोकळे झाले.

रघुपतीसाहेबांनी चष्म्याच्या वरून टेबलावर पाहिलं. चिनी मातीची बशी पिवळ्या रंगानं काठोकाठ भरलेली होती.

“मग हे काय, सांबार आहे?”

पद्माकररावांचे कान लालबुंद झाले. खोटं बोलण्याची सवयच नव्हती बिचाऱ्यांना. पहिल्याच फटक्यात विकेट!

बंगळूरच्या त्या नगररचना कचेरीत रंगांचा कायदा अगदी साधा होता. पाडायचं ते पिवळं, नवं बांधायचं ते तांबडं, आणि आहे तसं राहणार ते नुसतं काळ्या शाईत. आज टेबलावर यशवंतपूरच्या अलीकडच्या एका छोट्या स्टेशनाचा नकाशा पसरला होता. स्टेशनासमोरच्या रस्त्यावर आठ कौलारू घरं होती, प्लेगच्या साथीनंतर वसवलेली. ती पिवळी झाली की त्या जागी तीन मजली इमारती उठणार होत्या. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं, सगळी कचेऱ्यांतल्या कारकून-आरेखकांसाठी.

“सोमवारी कमिटी आहे, पद्माकर. आज शुक्रवार.”

“एकदा जागेवर जाऊन येतो, सर. मागची परसं जुन्या नकाशात नीट मोजलेली दिसत नाहीत.”

हे मात्र खरं होतं. साहेबांनी मान हलवली. “सरी, ठीक आहे. पण स्वल्प, जरा लवकर या.”

आता गंमत अशी, की ती घरं पिवळी करण्यात सगळ्यात जास्त फायदा पद्माकररावांचाच होता. बिऱ्हाडांची यादी कचेरीच्या फळ्यावर लागली होती आणि तिच्यात त्यांचा नंबर होता पंचेचाळिसावा. कॉटनपेठेतल्या दीड खोलीत चार माणसं, आणि पाणी गल्लीच्या टोकाच्या नळावरून! रोज पहाटे आणि संध्याकाळी सुलभाबाई एक घागर कमरेवर आणि एक कळशी हातात घेऊन दोन जिने चढायच्या. एकट्याच. कारण पद्माकररावांनी जड उचलायचं नाही, हा घरचा नियम होता. वजन उचललं की दुसऱ्या दिवशी हात थरथरतो, आणि हात थरथरला की शाईची रेघ बिघडते. आरेखकाचा हात म्हणजे घरातला देवच! सुलभाबाईंनी तो चोवीस वर्षं जपला होता.

“घरात नळ आला ना,” त्या परवाच म्हणाल्या होत्या, “की ही घागर पालथी घालून ठेवीन. मुद्दाम. येता-जाता बघायला!”

पद्माकरराव स्टेशनावर उतरले तेव्हा चार वाजले होते. समोरच्या पहिल्याच घराच्या कट्ट्यावर पंधरा-वीस माणसं बसली होती. कारखान्यातले कामगार, दोन नर्सबाया, एक फुलवाली. स्टेशनाला छप्पर नव्हतं, त्यामुळे गाडी येईपर्यंत सगळ्यांची सावली म्हणजे हाच कट्टा. खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांच्या टोकदार छपऱ्या होत्या, टोप्या घातल्यासारख्या. निपाणीहून नोकरीला आल्यावर पद्माकररावांना पहिलं काम मिळालं होतं ते याच खिडक्या कागदावर उतरवायचं. अकरा कागद फाडले होते त्यांनी. बाराव्या कागदावर छपरी जमली, आणि आपण आरेखक झालो हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं.

“कोण? मोजणीवाला अण्णा?” दारातून सत्तरीच्या गंगव्वा डोकावल्या. अथणीकडच्या त्या, मराठी अगदी घरची. “परत आलास? घर हललं का काय जागचं?”

“नाही, अक्का. मीच जरा हललोय.”

गंगव्वा खळखळून हसल्या. कट्ट्यावरच्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी त्यांनी पेल्यात ओतून त्यांच्या हातात दिलं. त्या हंड्यातून कुणीही प्यायचं, विचारायचं नाही.

“पाडणार म्हणत्यात हे.”

पद्माकररावांनी अर्धा पेला तसाच कट्ट्यावर ठेवला.

“सरी, पाडा की. लोकांना घरं नकोत काय? हे समदे माझ्या कट्ट्यावर बसत्यात, त्यांना राती जायला घर नको? पर गाडी चुकली तर बसायला कुठं जातील, तेवढं बघा म्हंजे झालं.”

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं!

पद्माकरराव परसात गेले आणि फीत धरून मोजू लागले. शेवगा, धुण्याचा दगड, पडकी न्हाणी, आणि त्यापलीकडे रुळांच्या कडेपर्यंत मोकळी जागाच जागा. एकशेदहा फूट! जुन्या नकाशात साठच होती. आठही परसांत तेच. म्हणजे घरं उभी ठेवूनसुद्धा इमारती मागे बसत होत्या की! वारा खेळायला जागा ठेवून, शेजाऱ्यांच्या अंगणात सावली न पाडता.

शनिवारी कचेरी रिकामी झाल्यावरही ते टेबलापाशी उभे होते. पुढे आठ घरं काळी, मागे तांबडे व्हायचे तीन मजले, मधून जायला दोन बोळ. सुंदर जमलं होतं. मग त्यांनी बिऱ्हाडांची दारं मोजली. बेचाळीस. दुसऱ्या टोकाकडून मोजली. बेचाळीस. बोळ अरुंद केले तर? मग पोरांना जाळीतून आल्यासारखं तुटक ऊन मिळेल. नाही. बोळ तेवढेच हवेत.

फळ्यावरच्या यादीतला आपला नंबर त्यांनी एकदा पाहिला आणि पेन्सिल कानावर ठेवली. मग त्यांनी शाईची बाटली उघडली.

सोमवारी सकाळी साहेबांनी नकाशा वरून खाली पाहिला, खालून वर पाहिला.

“सहा कमी.”

“हो, सर.”

“तुमचा नंबर कितवा हो?”

“पंचेचाळिसावा.”

“आणि?”

“आणि खिडक्यांच्या छपऱ्या मी जरा मोठ्या काढल्यात, सर. कमिटीला दिसाव्यात म्हणून.”

साहेबांनी नकाशा गुंडाळून काखेत घेतला. दुपारी कमिटीनं मान डोलावली.

संध्याकाळी पद्माकरराव घरी न जाता थेट नळावर गेले. रांगेत सुलभाबाईंचाच नंबर लागला होता. त्यांनी नवऱ्याला बघितलं आणि चेहऱ्यावरूनच ओळखलं.

“किती नंबरांनी हुकलं?”

“तीन.”

नळ वाहत होता.

“आणि त्या म्हातारीचा कट्टा?”

“राहिला.”

“अक्का, भरली ना! वाहून चाललंय!” मागून कुणीतरी ओरडलं.

सुलभाबाईंनी कळशी उचलली आणि घागरीसाठी वाकल्या. पण घागर जागेवर नव्हती.

“अहो! हात थरथरेल. उद्या रेघा—”

“रेघा झाल्या. उद्या नुसता रंग भरायचाय.”

रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. पद्माकरराव खांद्यावर घागर घेऊन जिना चढू लागले, पायरीपायरीला पाणी हिंदकळून शर्ट भिजत होता. मागून सुलभाबाई येत होत्या. एका हातात कळशी होती. घागरीला धरायचा तो दुसरा हात आता कुठं ठेवावा हेच त्यांना कळेना, म्हणून त्यांनी तो पदरात गुंडाळून घेतला होता.