‘अहो’ म्हणाले तर

ऑपरेशन थिएटरच्या दाराकडे स्ट्रेचर वळायच्या आत नवऱ्याने चादरीखालून हात काढला आणि साखरेच्या खड्यांची डबी तिच्या मुठीत कोंबली. पेशंटजवळ काही ठेवायचं नाही, असं नर्सने तीनदा बजावलं होतं. या माणसाने अंगठी काढून दिली, चष्मा दिला, डबी मात्र तेवढी लपवून ठेवली होती.

“कोणाला तरी सांगून ठेव,” तो म्हणाला.

“काय सांगू? मी माणसांशी अदबीने बोलायला लागले की मला साखर भरवा?”

“हो. अगदी हेच सांग.”

“तू आधी तुझं पोट सांभाळ.”

दार बंद झालं. ती बाकावर येऊन बसली. शेजारी खाकी शर्टातला एक ड्रायव्हर होता. त्याची आई आत होती. त्याला सांगावं असं एकदा तिच्या मनात आलं, पण अनोळखी माणसापुढे आपली कुंडली कोण मांडणार? तिने डबी पिशवीत टाकली.

गोष्ट हसण्यासारखी होती, पण खरी होती. चौदाव्या वर्षी तिला मधुमेह जडला. पहिल्या प्रकारचा, इन्शुलिन टोचल्याशिवाय दिवस जात नाही असा. त्याला आता एकेचाळीस वर्षं झाली. डोळे शाबूत, मूत्रपिंडं शाबूत. डॉक्टर नव्या पेशंटांना तिचं उदाहरण द्यायचे. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती अजूनही थरावर थर रचून कापड कापायची आणि तिची रेघ सूतभरही हलत नसे. पण इतक्या वर्षांनी शरीराने एक खोडी काढली होती. पूर्वी साखर उतरली की घाम फुटायचा, हात थरथरायचे. आता काही म्हणता काही कळत नसे. साखर मोजणारं, दंडावर चिकटवायचं यंत्र तिच्या कातडीला सोसलं नाही, दोनदा फोड आले. उरली एकच खूण. साखर उतरली की ती भेटेल त्याला अहो-जाहो करू लागे, आणि नेमकं तेच तिचं तिला ऐकू येत नसे.

नवरा तिच्याच वर्गातला, त्यामुळे अरे-तुरे शाळेपासूनचं. सासूबाईंना ते खुपायचं. एका सकाळी सुनेच्या तोंडून “अहो, चहा घेता ना?” असं ऐकून त्या म्हणाल्या, “आली बाई एकदाची वळणावर,” आणि पाचव्या मिनिटाला सून ओट्यापाशी आडवी. तेव्हापासून ‘अहो’ म्हटलं की तो डबी घेऊन धावे. एकदा तर फोनवर तिचा आवाज ऐकून, गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण तसाच ठेवून तो सलूनमधून घरी पळाला होता. ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही. दोन कात्र्यांचा संसार, असं लोक त्यांना चिडवत.

आज तो कान दारापलीकडे बेशुद्ध पडला होता. आणि इथे, बाकाबाकांवर, सगळेच एकमेकांना ‘अहो’ म्हणत होते.

त्यात सकाळी तिने नवशिक्यालाही शोभणार नाही अशी चूक केली होती. भरपेट खायचं धरून इन्शुलिन टोचलं आणि मग त्याच्या उपाशी तोंडासमोर तिला घास गिळवेना. दोन घास खाऊन तिने बशी सरकवली. आता बाकावर तिने दोन बिस्किटं खाल्ली आणि बोटाच्या कडेला सुई टोचून पाहिलं. चौऱ्याण्णव. ठीक होतं, पण आकडा उताराला लागला होता. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, असं तिने ठरवलं.

दहाव्या मिनिटाला तिला काउंटरवर बोलावलं.

“पित्ताशय चिकटलंय,” आतून आलेला तरुण डॉक्टर म्हणाला. “दुर्बिणीतून निघत नाहीये. पोट उघडावं लागेल. इथे सही करा.”

“धोका आहे?”

“वेळ लागेल.”

हे काही उत्तर नव्हतं. तिने सही केली. आपली सही इतकी वेडीवाकडी कधीपासून झाली, असं तिला वाटलं, आणि ती बाकावर येऊन दाराकडे बघत बसली. तो गेला तर, हा एकच विचार पुन्हा पुन्हा येत होता. पंधरा मिनिटं झाली, पाऊण तास झाला. सुई पिशवीतच राहिली.

मग तिच्या लक्षात आलं की त्याचा चष्मा अजून हातातच आहे. ठेवायला तिने पिशवी उघडली, तर डबी आडवी आली.

“जरा सरका हो,” ती डबीला म्हणाली.

ड्रायव्हर बाकावर थोडा पलीकडे सरकला.

“अहो, सरका ना. चष्मा ठेवायचाय त्यांचा.”

ड्रायव्हर आणखी सरकला आणि बाकाच्या टोकाला टेकला. तिला मात्र ते शब्द कानावर आले, पलीकडच्या खोलीत कोणी परकी बाई बोलत असावी तसे. त्यांचा. कोणाचा? किती वळणदार बोलते ही बाई, असं तिच्या मनात आलं, आणि त्या ‘वळणा’पाशी कुठेतरी सासूबाईंचा आवाज उमटला. आली बाई एकदाची वळणावर.

तिने डबी धरली. झाकण निघेना. बोटं आपली नव्हतीच. तिने डबी ड्रायव्हरपुढे केली.

“उघडा. खडे. तोंडात.”

बिचारा गोंधळला, पण त्याने झाकण काढलं. तिने चार-पाच खडे कडाकडा चावले. मग कशीबशी सुई टोचली. एकोणपन्नास.

दहा-पंधरा मिनिटांनी भिंती पुन्हा भिंतींसारख्या दिसू लागल्या. ब्याऐंशी. ड्रायव्हरने बिस्किटांचा पुडा आणला, आणि मग तिने त्याला सगळं सांगितलं. नववीचा वर्ग, सासूबाई, गालावरचा साबण, सगळं.

“म्हणजे मला अहो म्हणालात तर मी काय समजायचं?”

“तुम्हाला म्हणणारच. नवऱ्याला म्हणाले तर धावा.”

तो हसला, पण पुडा त्याने हाताशीच ठेवला. त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी तोच घड्याळाकडे बघून म्हणे, “ताई, सुई.” ती निमूट टोचून घेई. आयुष्यभर स्वतःच्या हिमतीवर जगल्याची घमेंड होती तिला. आता बोट पुढे करताना तिला लाज वाटली नाही.

दुपारी दार उघडलं. डॉक्टर म्हणाला, पित्ताशय निघालं, सगळं ठीक आहे. मागून स्ट्रेचर आलं. नाकात नळी, ओठ सुकलेले, दाढी वाढलेली. दुसऱ्यांच्या दाढ्या करणारा माणूस. डोळे अर्धवट उघडे होते. तिने कठडा धरला. किती काय बोलायचं ठरवलं होतं.

“कसे आहात?” ती म्हणाली.

बाकावरून ड्रायव्हर पुडा घेऊन ताडकन उठला. आणि स्ट्रेचरवरून, जड जिभेने, आवाज आला.

“साखर... हिला साखर द्या कोणीतरी.”

“अरे, मी आत्ताच—”

“सुई,” तो म्हणाला.

शंका आली की सुई, वाद घालायचा नाही, हा घरचा नियम होता. नर्स थांबली. तिने कठड्याला टेकून बोट टोचलं आणि यंत्र त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. त्याला काही दिसेना. मग तिने पिशवीतून चष्मा काढून त्याच्या नाकावर ठेवला.

एकशे सव्वीस.

तो आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग तिच्याकडे.

“मग?” तो म्हणाला. “अहो कशाला?”

ड्रायव्हर पुडा हातात घेऊन उभाच होता. तिने चष्मा काढून घेतला आणि त्याचा गार हात चादरीखाली सरकवला.

“झोप तू,” ती म्हणाली.

‘तू’ ऐकल्यावर त्याने डोळे मिटले.