जोडीतले क्युबिट

देवेशची फजिती मी केली नाही, फक्त होऊ दिली. आणि खरं सांगू? मला कणभरही वाईट वाटलं नाही.

आम्ही एकाच लॅबमधले. क्युबिट म्हणजे क्वांटम माहिती ठेवायची इवलीशी जागा. उष्णता, लहरी असा बाहेरचा जरा गोंगाट झाला की माहिती गेलीच. ती एकातून दुसऱ्यात धड पोचवायची, हे आमचं काम. युक्ती मला सुचली ती फुलपाड्याच्या रिक्षात, देवेश शेजारी असताना. "अरे, खड्डा आला की आपण दोघं सारखेच उडतो, आपल्यातला फरक तसाच राहतो. मग माहिती एकट्या क्युबिटात कशाला? जोडीत ठेवू, दोघांमधल्या फरकात!"

"अक्षदा, बाई, ग्रेट आहेस तू!" देवेश ओरडला. पुढचं मी सांगेपर्यंत तो फोनमध्ये घुसला होता.

मग वसईत या युक्तीचं जाहीर प्रात्यक्षिक ठरलं, लॅबमधली चिप तिथून इंटरनेटवर चालवून. आदल्या दिवशी देवेशने स्लाइड्सची मेल पाठवली. पहिल्या स्लाइडवर त्याचं एकट्याचं नाव. माझ्या अंगाची आग आग झाली. माझे अप्पा तर साऱ्या वाडीला सांगून बसले होते, आमच्या पोरीचं काम आहे म्हणून!

मग पुढच्या स्लाइडवर चिपचा आराखडा पाहिला आणि मला हसूच फुटलं. गोंगाट कमी व्हावा म्हणून त्याने जोडीतले दोघे चिपच्या दोन टोकांना बसवले होते. अरे गाढवा, गोंगाट कमी नको, दोघांना सारखा हवा! एक फुलपाड्याच्या रिक्षात, दुसरा चिंचोटीच्या, मग खड्डे सारखे कसे लागणार? मी मेल बंद केली आणि गप्प बसले.

सभागृहात अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. चष्मा पुसून त्यांनी स्लाइड पुन्हा वाचली. "तुझं नाव कुठाय गं?" एवढ्या लोकांत त्यांनी मान खाली घातली. मेल्या देवेश, हे मी तुला कधीच माफ करणार नाही.

त्याने बटण दाबलं. पडद्यावर आलं, पन्नास टक्के. म्हणजे नाणं उडवल्यासारखं. पोचलं काहीच नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मागे कुणीतरी खिदळलं.

"अक्षदा, प्लीज, वर ये ना! जोडीचं तुलाच माहितीये!" माइक चालूच होता.

मी सावकाश उठले. "आधी पहिली स्लाइड लावा. ही अक्षदा कोण, ते कळू दे लोकांना."

घाबरून त्याने लावलीसुद्धा. अख्ख्या सभागृहाने वाचली.

"बघा, अशी कुणी नाहीच इथे," मी म्हणाले. "चला अप्पा, घरी जाऊ."