दाराआडचा दर्शनी फलक

मी बोलतोय, ग्रामपंचायतीचा सूचना फलक. अहो, दाराच्या मागे काय डोकावताय? मी इथे आहे, बाहेर, ओट्यावर. तुमचंही चुकलं नाही म्हणा. बरीच वर्षं माझा मुक्काम दाराच्या मागेच होता.

माझा जन्म १९९८चा. मालवणच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावात ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली, तेव्हा बाबू सुताराने मला घडवलं. लाकूड फणसाचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण हल्ली कोणीही उठतं आणि स्वतःला फलक म्हणवतं, आणि बघायला जावं तर आत दाबलेला भुसा! बाबूने मला रंधा मारून गुळगुळीत केलं, हिरवा रंग दिला, वर पांढऱ्या अक्षरांत 'सूचना फलक' असं लिहिलं आणि आत शिरताना डाव्या हाताच्या भिंतीवर टांगलं. उद्घाटनाच्या दिवशी सरपंच माझ्याकडे बघून म्हणाले, "बरो दिसता रे!" त्या एका कौतुकावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली.

दुसऱ्याच पावसाळ्यात समुद्राकडच्या वाऱ्याने दाराची एक फळी उखडली. बाबूला परत बोलावलं. त्याने दोन फळ्या काढून एकच रुंद दार केलं. चौकटीची उजवी बाजू पाण्याने फुगलेली, म्हणून बिजागऱ्या डाव्या बाजूला ठोकल्या. मग ऐटीत दार उघडून दाखवलं, तर ते आत आलं आणि थेट माझ्या नाकाला टेकलं.

"अरे, ह्येका हलवूक व्हयो," बाबू म्हणाला. "चाय पिऊन येतंय, मगे हलवतंय."

बाबू चहा प्यायला गेला तो गेलाच.

आता माझी अवस्था बघा. कार्यालय उघडं असलं की मी दाराच्या मागे. कार्यालय बंद झालं की दार माझ्यासमोरून जायचं, पण बाहेरून कुलूप! म्हणजे लोक असताना मी दिसायचो नाही आणि मी दिसण्याजोगा असायचो तेव्हा लोक नसायचे. त्यात दार वाऱ्याने आपटू नये म्हणून शंकर शिपाई आपलं स्टूल दाराला लावून बसायचा. दिवसभर तो दाराला पाठ टेकून पेंगायचा आणि मी त्याचं घोरणं ऐकायचो. माझ्या मागे एक पाल राहायची, तेवढीच काय ती माझी वाचक.

नोटिसा मात्र माझ्यावर नेमाने लागत. संध्याकाळी कुलूप लावताना शंकर दार जरा ओढायचा, कागदाला खळ फासायचा आणि थापटी मारून निघून जायचा. पुलाचं काम कोणाला द्यायचं, ग्रामसभा कधी, पाणीपट्टी किती, सगळं माझ्यावर. वाचणारं कोणी नाही. ग्रामसभेला माणसं जमायची नाहीत, मग सभा तहकूब व्हायची. तहकूब सभेला किती जण हवेत याची अट नसते, त्यामुळे पुढच्या खेपेला चारपाच डोकी जमून सगळे ठराव मंजूर. सगळं कसं कायद्याला धरून!

भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. माणूस वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू? वैभववाडीकडचा, शांत, पोटाचा विकार असलेला. त्याला कटकट नको असायची. आणि एवढं त्याच्या लक्षात आलं होतं, की माझ्यावर लावलेल्या नोटिशीची कधी कटकट होत नाही. मुदत संपली की तो कागदावर एकच वाक्य लिहायचा, 'विहित मुदतीत हरकत प्राप्त झाली नाही, सबब कोणाचीही हरकत नाही असे समजण्यात आले.' ते वाक्य लिहिताना त्याचा चेहरा सोडा घेतल्यासारखा हलका होई.

असंच चाललं असतं. पण मध्ये कृष्णाबाई आली.

कृष्णाबाई सुकी मासळी विकायची. सुके बांगडे, सुंगटं म्हणजे सुकवलेली कोळंबी, अशी टोपली डोक्यावर घेऊन कसालच्या बाजारापर्यंत जायची. आवाज असा, की ती वळणावर असतानाच शंकर स्टुलावर सरळ बसायचा. किनाऱ्याच्या वर एक उघडा माळ आहे, गावाच्या मालकीचा. तिथे ती आणि खारवाड्यातल्या, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतल्या, बाकीच्या बायका मासळी वाळत घालायच्या. तिच्या सासूनेही तिथेच घातली होती. ऊन, वारा आणि खाली रेती नाही, अशी दुसरी जागा गावात नव्हती.

२००७ साली एका सकाळी ती माळावर गेली, तर दोन माणसं चुन्याच्या रेघा मारत होती. पर्यटकांच्या गाड्या उभ्या करायला माळ कोणा हॉटेलवाल्याला देणार, असं तिला कळलं. ती टोपलीसकट तशीच कार्यालयात आली.

"भाऊसाहेबानू, आमचो माळ कोणाक दिलास?"

"अजून दिला नाही, आजी. ठराव झाला. त्याआधी रीतसर नोटीस लावली होती, कोणी हरकत घेतली नाही."

"खंय लावलास नोटीस?"

"फलकावर."

"आणि फलक खंय आसा?"

भाऊसाहेबांनी हात असा गोल फिरवला, की त्यात छप्परही आलं आणि समुद्रही आला. "कार्यालयातच आहे. नीट बघा."

कृष्णाबाईने चारी भिंती बघितल्या. कपाटाच्या मागे बघितलं. माझ्यापासून ती हातभर अंतरावर होती हो! मी ओरडत होतो, "बाये, हंय बघ! दार ओढ!" पण मध्ये दार, दाराला स्टूल आणि स्टुलावर शंकर. लाकडाचा आवाज कोणाला ऐकू जातो?

"माळ गेल्यार मासळी काय डोक्यार सुकवू?" असं म्हणून ती गेली. जाताना तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मला फार वाईट वाटलं. तिचं सगळं पोट त्या माळावर, आणि त्या माळाचा कागद माझ्या छातीवर चिकटलेला!

तिची सून वर्षाली, बारावी शिकलेली. सुंगटांची पुडी बांधताना हातात आलेल्या रद्दी पेपरात तिने माहितीच्या अधिकाराबद्दल वाचलं होतं. सरकारी कार्यालयाला विचारलं की उत्तर द्यावंच लागतं, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं. तिने साध्या कागदावर अर्ज लिहिला, कोर्ट फीचा स्टँप चिकटवला आणि सासूबरोबर येऊन दिला. विचारलं काय, तर 'माळाची नोटीस कुठे लावली होती?' एवढंच.

भाऊसाहेबांनी मुदत संपत आल्यावर उत्तर लिहिलं. लिहिताना ते मोठ्याने पुटपुटत, म्हणून मला कळलं. 'सदर नोटीस कार्यालयाच्या दर्शनी भागातील सूचना फलकावर प्रसिद्ध करण्यात आली होती.'

दर्शनी! मी! पालसुद्धा चुकचुकली.

दुसऱ्या दिवशी दोघी हजर. कृष्णाबाईने दारातच विचारलं, "वर्षाली, दर्शनी म्हंजे काय गो?"

"समोर दिसता ता."

"मगे माका कशाक दिसणा नाय? माझ्या डोळ्यांत काय फूल पडला?" मग भाऊसाहेबांकडे वळून म्हणाली, "धामापूरच्या भगवतीचा सुद्धा दर्शन गावता. तुमचो फलक देवीपेक्षा मोठो काय ओ?"

"आजी, उत्तरात लिहिलंय दर्शनी, म्हणजे आहे दर्शनी," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी सोड्याची बाटली काढली.

वर्षालीने तालुक्याला अपील केलं. तिथल्या विस्तार अधिकारी मॅडम. त्यांनी तारीख देऊन बसवून ठेवलं नाही, एक दिवस सरळ जीपने आमच्या गावात आल्या. ही खबर खारवाड्यात आधी पोचली. कृष्णाबाईच्या मागून शेवंती, मथुरा आणि आणखी पाचसहा बायका आल्या, सगळ्यांच्या काखेत टोपल्या.

मॅडमनी खुर्चीत न बसताच विचारलं, "फलक दाखवा."

"हा काय, मॅडम. दाराच्या मागे."

"मागे? आणि लिहिलंय दर्शनी?"

"दार लावलं की दिसतो, मॅडम."

"मग लावा की दार."

शंकरने स्टूल उचललं. बायका बाहेर राहिल्या असत्या तर त्यांना काय दिसणार? म्हणून त्या सगळ्या आत घुसल्या. सुक्या बांगड्यांच्या टोपल्यांसकट, बरं का! दार कुरकुरत लागलं, आणि नेमकं त्याच वेळी लोडशेडिंग सुरू झालं. एकुलती एक खिडकी कपाटामागे. आत मिट्ट काळोख! दार उघडं तर फलक दिसत नाही, दार लावलं तर अक्षर दिसत नाही. आणि वास? तो काय सांगू!

काळोखात कृष्णाबाईचा आवाज आला, "गावला काय गो कोणाक दर्शन?"

सगळ्या जणी खिदळल्या. मॅडमनी नाकाला रुमाल लावला असावा, कारण त्यांचा आवाज दबका आला. "कोणाकडे टॉर्च आहे का?"

वर्षालीने मोबाईलचा टॉर्च लावला. उजेड माझ्या तोंडावर पडला आणि मी दिपलो. पाल दचकून उडाली ती भाऊसाहेबांच्या खांद्यावर. ते "अगं आई गं" म्हणाले, तेही सरकारी भाषा सोडून.

मग वर्षालीने वाचायला सुरुवात केली. माळाचा गट नंबर, वाहनतळ, भाडेपट्टा. शेवटी, 'याबाबत कोणाची हरकत असल्यास...'

"आसा!" कृष्णाबाई ओरडली. "माझी हरकत आसा!"

"माझी पण!" शेवंती म्हणाली. "माझी पण आसा रे!" मागून मथुरा. त्या काळोखात एकेक आवाज उठत गेला, आणि मला भरून आलं. माझ्या अंगावर तो शब्द किती वेळा चिकटवला गेला होता! पण माझ्यासमोर उभं राहून कोणी हरकत घेतली, ती त्या दिवशी पहिल्यांदा. ज्या कामासाठी बाबूने मला घडवलं होतं, ते काम त्या दिवशी झालं.

मॅडमनी दार उघडायला लावलं. आधी पोटभर श्वास घेतला, मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, याला दर्शनी भाग म्हणत नाहीत. ही नोटीस लोकांना मिळालीच नाही, असा मी अहवाल देते. फलक बाहेर लावा, नोटीस नव्याने लावा, मुदत नव्याने मोजा. तोवर माळाला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी बाबू सुतार हातोडा घेऊन आला. केस पिकलेले, पण चेहऱ्यावर लाज म्हणून नाही.

"खंय होतंस रे मेल्या इतकी वर्सां?" शंकरने विचारलं.

"चाय पिऊन इलंय," बाबू म्हणाला.

त्याने मला ओट्यावर आणून ठोकलं. किती उजेड तो! पुढच्या ग्रामसभेला माणसं मावेनात, ओट्याखाली उभी राहिली. हरकतींचा ढीग पडला, ठराव रद्द झाला आणि माळावरच्या चुन्याच्या रेघांवर कृष्णाबाईने सुंगटं पसरली. त्या दिवशी तिने भाऊसाहेबांना ओंजळभर सुंगटं फुकट दिली. त्यांनी पोटाचा विकार विसरून घेतली.

कृष्णाबाईला वाचता येत नाही, हे मला नंतर कळलं. त्याचं तिला काही वाटत नाही. बाजाराला जाताना ती माझ्यासमोर थांबते, थट्टेने हात जोडते आणि जो कोणी रस्त्याने जात असेल त्याला हाक मारते, "रे, हंय ये! काय लिवलेला आसा ता वाच. मोठ्यान वाच!" मास्तर असो, पोस्टमन असो, सरपंच असो, सुटका नाही. त्यामुळे झालंय असं, की एका बाईला वाचता येत नाही म्हणून सगळ्या गावाला नोटीस ऐकू जाते.

आता २०१० चाललंय. खाऱ्या वाऱ्याने माझा हिरवा रंग उडालाय. बकऱ्या येतात आणि कागदांचे कोपरे खातात. तरी माझी तक्रार नाही. उलट माळावरून सुक्या मासळीचा वास आला की जीव सुखावतो.

पण गेल्या आठवड्यात कार्यालयात कम्प्युटर आला. त्याला पूजा करून हार घातला, वर प्लास्टिकचं आवरण घातलं आणि वाऱ्याने धूळ बसू नये म्हणून आतल्या खोलीत ठेवला. भाऊसाहेब खुशीत होते. "आता सगळी माहिती यात," ते म्हणाले. "आता फलकाची गरजच उरणार नाही."

माझ्या फळीतून कळ गेली. पण कृष्णाबाई तिथेच होती, टोपली टेकून. तिने आवरणाला बोट लावून बघितलं. मग विचारलं, "बरा झाला. पण भाऊसाहेबानू, ह्येचो दरवाजो खंयच्या बाजून उघडता?"

भाऊसाहेबांनी सोड्याची बाटली काढली.

मी राहीन की जाईन, माहीत नाही. फणसाचं लाकूड आहे, मोडीत काढलं तरी कोणाच्या तरी चुलीला बरं जळेल. पण एक मागणं आहे तुमच्याकडे. तुमच्या गावच्या कार्यालयात गेलात आणि 'लावलंय, नीट बघा' असं कोणी म्हणालं, तर चारी भिंती बघून परत फिरू नका. शिपाई कितीही घोरत असला तरी त्याला उठवा आणि दार तेवढं ओढून बघा. माझा एखादा भाऊ तिथे तुमची वाट बघत असेल.