अनोळखी माणूस दारात आहे

आमची कंपनी बंद पडली.

हे वाक्य आपण वाचलेलं नाही, असं धरून पुढं जाऊया. कंपनी जोरात चालू आहे. दोन हजार आठ साल आहे, उद्यमनगरात एका लेथच्या वर्कशॉपवर आमचं ऑफिस आहे, आणि यंत्रं चालवणाऱ्या संगणकांना आम्ही हल्लेखोरांपासून वाचवतो. 'आम्ही' म्हणजे मी, प्रसेनजीत. पूर्वी जिनेशही होता, कॉलेजपासूनचा जोडीदार. पण कोल्हापुरात कोणी कोणाच्या संगणकावर हल्लाच करेना. भांडण असलं तर माणसं समोर येऊन करायची. जिनेश कंटाळून बेंगळुरूला गेला. तिकडं म्हणे रोज हल्ले होतात. नशीब असतं एकेकाचं.

जाताना त्याची खुर्ची इथं राहिली आणि आवाज राहिला. आमचं एकमेव गिऱ्हाईक म्हणजे कोडोलीकडची एक सहकारी पाणीपुरवठा संस्था. नदीवरचे तिचे पंप संगणकावर चालतात. कोणी चुकीचा पासवर्ड टाकत बसलं, की माझ्या ऑफिसातला फोन वाजतो आणि रेकॉर्ड केलेला जिनेश सांगतो, "सावधान. अनोळखी माणूस दारात आहे." रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याला सर्दी होती, त्यामुळं धोका जरा शेंबडा वाटतो.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला, फोन वाजला नाही. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात. मी सकाळी यशस्वी व्हायचो, डबा खायचो आणि खालच्या लेथची घरघर ऐकत संध्याकाळपर्यंत पुन्हा यशस्वी व्हायचो. मधूनच रिसीव्हर उचलून फोन चालू आहे ना, ते बघायचो. चालू असायचा.

खंडेनवमीला तो वाजला.

मोटरसायकल पळवत मी नदीकाठ गाठला. पंपहाऊसवर ऑपरेटर हंबीरराव एकटेच असतात. बायको मलकापूरला लेकीकडं. पंपांच्या वरताण बोलून बोलून त्यांचा आवाज चढलाय, आणि पंप बंद असले तरी तो उतरत नाही. त्यांनी पंपांना, पान्यांना हळदीकुंकू वाहिलं होतं. संगणकालाही. पडद्याला झेंडूचा हार, आणि नारळ कीबोर्डवर, नेमका एंटरच्या बटणावर. नारळ मघापासून रिकामा पासवर्ड टाकत होता.

"मामा, हल्ला झालाय."

"कुनी केला?"

"नारळानं."

त्यांनी नारळाकडं निरखून पाहिलं. "आपल्याच झाडाचा हाय की वो. घरभेदी निघाला." मग त्यांनी हल्लेखोराला दगडावर आपटलं आणि अर्धा माझ्या हातात दिला. "बसा की. निघालासा कुठं? सकाळपासनं मानूस बघितलं न्हाई. पंपाशी बोलतोय, पर त्यो एकच शबूद बोलतोय."

मी बसलो. बऱ्याच महिन्यांनी कोणीतरी मला बसा म्हणालं होतं.

पुढच्या गुरुवारी पुन्हा फोन. मी गेलो. या खेपेला कीबोर्डवर नारळ नव्हता. स्टोव्हवर चहा मात्र उकळत होता, दोघांचा.

"पुन्हा हल्ला, मामा?"

"व्हय की. लई वंगाळ लोकं हायती जगात. साखर जास्त घालू?"

मी रीतसर तपास केला. हल्लेखोराच्या अंगठ्याला तंबाखू होती. एंटरच्या बटणालाही होती. मी बटण पुसलं आणि चहा घेतला.

मग दर गुरुवारी हल्ला होऊ लागला. जाताना मी भडंग नेऊ लागलो.

संस्थेचे अध्यक्ष कल्लाप्पाण्णा आधी खूश होते. पलीकडच्या काठावरच्या संस्थेवर आजवर एकही हल्ला नव्हता. "आपली प्रगती बघून जळत्यात," ते सभेत म्हणाले. कोणीतरी रशियाचं नाव घेतलं. मी नाही म्हणालो नाही. पण एका सभासदाला शंका आली, की रशिया गुरुवारचाच कसा येतो?

अण्णांनी मला उभं केलं. "कोन हाय त्यो, नाव सांग. आपल्यातला असला तर आजच घरी बसवतो त्येला."

हंबीरराव मागं जाजमाकडं बघत उभे होते.

"कोण ते कळत नाही, अण्णा," मी म्हणालो. "पण बंद करता येईल."

"मग कर की! का मुहूर्त बघतोयस?"

त्याच दिवशी बंद केलं. आता चुकीचा पासवर्ड आला तर संगणक गप्प बसतो, कोणाला फोन करत नाही. अण्णांच्या समाधानासाठी दारावर नियमही लावला: काम नसलेल्या बाहेरच्या माणसास आत घेऊ नये. खाली हंबीररावांची सही घेतली. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम. त्यात एकही फट नव्हती.

हल्ले थांबले. मग अण्णा म्हणाले, चोरच येत नाही तर राखण्या कशाला? करार संपला. कंपनीचं पुढं काय झालं ते विचारू नका. ते वाक्य आपण वाचलेलं नाही.

एका गुरुवारी भडंग घेऊन सहज गेलो. हंबीरराव जाळीच्या दाराशी आले.

"कोन पायजे, पावणं?"

"मामा, मी."

"वळखलं की. काम काय हाय?"

"काम नाही."

माझ्या कानात जिनेश शेंबड्या आवाजात सावधान म्हणाला. पहिल्यांदाच त्याचं बरोबर होतं.

हंबीररावांनी दारावरच्या नियमाकडं पाहिलं. "माज्यापायी अण्णांफुडं खोटं बोललासा, इसरलो न्हाई मी. आता तुमचाच नियम मोडू व्हय?" मग ते त्यांना जमेल तेवढं हळू म्हणाले, म्हणजे नदीपलीकडं ऐकू गेलं असेल, "रोज एंटर दाबतोय. कायबी हुईना."

"होणार नाही, मामा. पक्कं काम केलंय."

"व्हय. लई पक्कं केलंय."

भडंगाचा पुडा जाळीतून जाईना. फोडला आणि चिमूटचिमूट आत दिला. मग त्यांची पंप लावायची वेळ झाली.

प्रति, मा. अध्यक्षसाहेब. विषय: हल्ला पूर्ववत सुरू करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, आपल्या पंपहाऊसवर दर गुरुवारी दुपारी एक किरकोळ हल्ला करण्याची रीतसर परवानगी श्री. हंबीरराव यांस देण्यात यावी, व सदर हल्ल्याच्या निवारणार्थ खाली सही करणारास विनामोबदला आत घेण्यात यावे. चहाचा खर्च हल्लेखोर सोसतील.