अक्षर मेघनाचं

मेघनाने दोन बोटांनी कॉमिकमधल्या कुशाबाच्या डोक्यावरचा संवादाचा फुगा मोठा केला आणि मोबाइल टेबलावरून नीलच्या पुढ्यात सरकवला.

"हे मी लिहिलेलं नाही."

"माहितेय," नील म्हणाला.

"पण अक्षर माझं आहे."

नीलने कॉफीचा कप उचलला, रिकामा आहे हे पाहिलं आणि तरी एक घोट घेतला. लोअर परळच्या त्या ऑफिसात कॅन्टीनला कॅन्टीन म्हणत नसत. भिंतीवर 'अंगण' असं लिहिलं होतं आणि खाली प्लास्टिकची तुळस होती.

अक्षर तिचंच होतं. कॉमिक सुरू करताना नीलने तिला माटुंग्याच्या घरी बसवून अपासून ज्ञपर्यंत सगळं ड्रॉइंग पेपरवर लिहून घेतलं होतं, जोडाक्षरांसकट. नीलची आई मध्येच उपमा घेऊन आली आणि 'शाळेत राहून गेलं होतं का हिचं?' असं विचारून गेली. छापील अक्षरात बोलला तर कुशाबा सरकारी नोटिशीसारखा वाटेल, असं नीलचं म्हणणं. मग त्याने त्या कागदांवरून फॉण्ट बनवला. तेव्हापासून लालबागचा हा निवृत्त गिरणी कामगार रोज सकाळी चाळीच्या गॅलरीत बसून समोर गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरकडे बघत मेघनाच्या मनातलं, मेघनाच्या अक्षरात, लोकांच्या मोबाइलवर बोलत आला. चित्रं नीलची, शब्द तिचे. पेज मात्र नीलच्या नावावर उघडलं होतं, कारण त्या दिवशी तिच्या मोबाइलची बॅटरी संपली होती.

गेल्या महिन्यात नीलने कुशाबा हे ऑफिस ज्यांचं, त्या कंपनीला देऊन टाकला. एकाची सही पुरली. मेघनाला ते कंपनीच्या अभिनंदनाच्या पोस्टवरून कळलं. नीट वाचायच्या आधी तिने त्या पोस्टला बदाम देऊन ठेवला होता.

"तुझं नाव आहे ना शेवटी," नील म्हणाला. "मूळ संकल्पना."

"बघितलं. तेही माझ्याच अक्षरात."

"मेघू, मी सांगणार होतो गं."

"कधी? एकसष्टीला?"

नील हसला. तिच्या बोलण्यावर हसायची त्याला जुनी सवय होती. त्या सवयीवर तर धंदा उभा राहिला होता. मग ही ती वेळ नव्हे हे लक्षात येऊन त्याने चेहरा आवरला.

"कोणी लिहिलं हे?"

"मयूर म्हणून आहे. पुण्याचा. हुशार पोरगा आहे."

"गिरणी पाहिलीय का त्याने कधी?"

"पिठाची पाहिली असेल."

आता ती हसली असती. एरवी हसलीच असती. तिने मोबाइल परत ओढला आणि सकाळपासून कितव्यांदा तरी तो फुगा वाचला. चित्रात कुशाबा हातात डबा घेऊन टॉवरच्या गेटावर उभा होता. वॉचमन विचारत होता, 'किससे मिलना है?' आणि कुशाबा म्हणत होता, 'मिळायचं नाही रे, कामावर आलोय. भोंगा ऐकू आला नाही, म्हणून उशीर झाला.'

तिने त्यात खोट काढायचा सकाळपासून प्रयत्न केला होता. शब्द फिरवून पाहिले, एखादा गाळून पाहिला. काही निघालं नाही.

"अक्षर बदल," ती म्हणाली.

"फॉण्टच ना? तू नुसता मेसेज टाक. उद्यापासून बदलतो." नीलला हायसं वाटलेलं दिसलं. याहून काही मोठं मागेल अशी त्याला धास्ती असावी.

लालबागपर्यंत ती चालतच आली. जिन्यात थांबून तिने मेसेज लिहिला, 'उद्यापासून माझं अक्षर काढ,' आणि पाठवणार तोच वरून हाक आली.

"मेघू! इलंस? ये, ये गो!"

तिचे बाबा, जयवंत, गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर मोबाइल, चष्मा कपाळावर. तिच्या लिहिण्याला ते इतकी वर्षं 'ता तुझा मोबाइलातला' म्हणत. वाचत रोज, पण मुलीला कधी काही बोलले नव्हते. कुशाबा कोणावरून बेतलाय हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

"आज बरा लिवलंस," ते म्हणाले.

मेघनाचा हात चपलेच्या पट्ट्यावरच राहिला.

"ता भोंग्याचा. माका हसूक इला. मगे..." त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून लेंग्याला पुसला. "शेजारच्या अभयाक वाचून दाखयलंय. तळमजल्यावर जाऊन कदमाक दाखयलंय. इतकी वर्षां लिवतंस, पण आज पयल्यांदा तो खरो बोललो."

"बाबा..."

"काय?"

"चष्मा न लावता वाचलंत?"

"तुझा अक्षर ना ता. माका चष्मो कित्याक होयो?"

ती त्यांच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. समोर टॉवरच्या काचांवर संध्याकाळचं ऊन होतं आणि त्यात चाळ उलटीसुलटी दिसत होती.

"उद्या काय बोलतलो तो?" जयवंतांनी विचारलं. आवाज उगाच खाली आणला होता, जणू कदम ऐकेल.

"उद्या बघा."

"बापाक तरी सांग गो."

"खरंच सांगते बाबा, मलाच माहीत नाही."

जयवंत खो खो हसले. खुर्ची करकरली. "बरा नाटकी आसा हां," असं त्यांनी शेजारच्या बंद दाराला सांगितलं.

मेघनाने मोबाइल उघडला. लिहिलेला मेसेज एकेक अक्षर खोडत मागे नेला आणि दुसरा लिहिला: 'फॉण्ट राहू दे.'

नीलचा अंगठा लगेच आला.