उभी रा

माघात आलेल्या एका पोस्टकार्डाला मी चार महिने उत्तर दिलं नाही. ते शब्दकोशात, ‘र’च्या पानांत ठेवलं होतं. शेवटची ओळ होती : ‘आता तूच सांगाले रा.’

मजकूर सोमारीचा, अक्षर लाकूड डेपोचा चौकीदार इस्तारी याचं. सोमारी गोंड, तिचा नवरा मल्लय्या सिरोंच्याकडचा तेलुगू. लग्न झालं तेव्हा दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. डेपोवर गोंडी, तेलुगू, झाडीपट्टीची मराठी आणि बाहेरून आलेल्या मजुरांची हिंदी मिसळून एक बोली झाली होती. तीच त्यांनी घरी नेली. त्यांच्या लेकीला, सुकरीला, तीच एक भाषा येत होती.

मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मी दोन हिवाळे तिथं शब्द टिपत बसलो. सुकरीनं दिलेलं पहिलं वाक्य : ‘येर पिऊन जल्दी रा.’ येर म्हणजे गोंडीत पाणी. पिऊन आपलं, जल्दी हिंदी, आणि रा तेलुगू, म्हणजे ये. मी मात्र ‘रा’ म्हणजे ‘राहा’ समजून पाणी पिऊन माठापाशीच उभा राहिलो. सहा वर्षांची ती पोर पोट धरून हसली.

“याले काईच येत नाई माय. याले पहिलीत बसव.”

एवढं लिहून काय करशील, असं सोमारीनं एकदा विचारलं. मी सांगितलं, पहिलीचं पुस्तक करीन. मुलं आधी घरच्या बोलीत अक्षरं शिकतील, मग मराठी. त्या दिवसापासून ती कामावर आठवलेल्या प्रत्येक शब्दाला एक चिंचोका पदरात बांधून आणू लागली. संध्याकाळी एकेक चिंचोका माझ्यापुढं ठेवायची आणि शब्द सांगायची.

मग डेपोवर शाळा निघाली. शाळेची भाषा ठरवणाऱ्या नागपूरच्या समितीनं माझं मत विचारलं : ही भाषा आहे काय? समितीवर दोन मोठे विद्वान होते. ते हसतील, अशी मला भीती वाटली. मला जे कळलं होतं त्याच्या नेमकं उलट मी लिहिलं : ‘ही केवळ बिघडलेली मराठी होय. शाळेत सक्त मनाई केल्यास सुटेल.’ ते वाक्य माझ्या नावासकट डेपोवरच्या शाळेतल्या देवाजी मास्तरांच्या हाती पडलं.

मास्तर दुष्ट नव्हते, कागद पाळणारे होते. पाढा चुकला म्हणून ते सुकरीला म्हणाले, “उभी रा.” ती उठली आणि त्यांच्याकडे चालत गेली. मास्तरांनी तिला जागेवर नेलं आणि पुन्हा बजावलं, “उभी रा.” ती पुन्हा आली. मास्तर बोलावतात आणि हाकलतात, एवढंच तिला कळत होतं. तिसऱ्या वेळी छडी बसली. हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढं शेरा पडला : मंदबुद्धी.

हे सगळं कार्डात होतं. मी ते वाचलं आणि ‘रा’ म्हणजे ‘राहा’ असाही अर्थ होतो, अशी स्वतःची समजूत घालून घरीच राहिलो.

वैशाखात सिंदेवाहीच्या बाजारात मायलेकी समोर आल्या. मी सुकरीला विचारलं, येर पिणार का? तिनं खाली मान घालून पुस्तकी मराठीत उत्तर दिलं, “मला ठाऊक नाही, गुरुजी.”

काय आणलं, बाबा कसा आहे, काहीही विचारलं तरी तेच.

“तेवढंच बोलते,” सोमारी म्हणाली. “घरी बी. मी येर म्हटलं का कान झाकते. मास्तर म्हणते, शाळा उघडली का नाव काटतो.”

तिनं टोपली डोक्यावर घेतली.

“तुले पुस्तक कराले दिलो होतो, गुरुजी. माह्ये चिंचोके वापस दे.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. उसनं नेलेलं भांडं मागावं तशी ती बोलली.

वाचकहो, हजेरीच्या वहीतला ‘मंदबुद्धी’ हा शेरा खरा माझ्यावर पडायला हवा होता. आपल्या गावच्या शाळेत शेवटच्या रांगेत गप्प बसणारं एखादं मूल असेल. ते मुकं आहे की आपण बहिरे आहोत, हे एकदा पाहावं.

काल मी दोन पत्रं लिहिली. एक समितीला : माझं मत खोटं होतं, ते मी भीतीपोटी लिहिलं, सोबत बाराशे शब्द आणि पहिले दहा धडे पाठवत आहे. हसायचं तर खुशाल हसावं.

दुसरं पोस्टकार्ड. ते लिहायला जास्त वेळ लागला, कारण तिच्या बोलीत मी प्रथमच कोणाला काही लिहीत होतो, आणि चूक दाखवायला सुकरी शेजारी नव्हती.

‘सोमारीबाई, खोटा मी लिहिलो. बोली चांगली हाय. सोमवारी शाळा उघडते, मी मास्तरच्या समोर उभा हाय. चिंचोके आणतो. सुकरीले सांग, गुरुजीले रा समजलं.’

आज सकाळी दोन्ही पत्रं पेटीत टाकली. सोमवारी पहिल्या मोटारीनं निघतो.